तुझ्या वॉर्डात मागे कोण आहे?

पत्र लिहिणाऱ्या सिस्टर नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात डायलिसिस विभागात आहेत. वय एकोणचाळीस, नोकरीची बारा वर्षं याच विभागात. सप्टेंबर २०२० मध्ये सहा आठवडे आणि एप्रिल २०२१ पासून नऊ आठवडे त्यांना कोविड आयसीयूत पाठवलं गेलं. दोन्ही वेळा आदेश रात्री व्हॉट्सॲपवर आला. व्हेंटिलेटरचं प्रशिक्षण दोन दिवसांचं. एका नाइटला त्यांच्याकडे चार पेशंट होते. त्यातल्या एकाचा अलार्म वाजला तेव्हा त्या दुसऱ्याला पालथं करत होत्या. तो पहिला पेशंट पहाटे गेला. इकडे डायलिसिसमध्ये सातपैकी तीनच सिस्टर उरल्या, आणि आठवड्यातून तीनदा येणाऱ्यांना दोनदाच बोलावलं जाऊ लागलं. त्यांत उमरेडकडचे एक बाबाजी होते. फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने जोडून केलेल्या शिरेत, सुई ते फक्त याच सिस्टरकडून टोचून घेत. मे २०२१ मध्ये ते घरीच वारले. काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी विभागात आल्या, घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी सिस्टरच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तुमी नव्हत्या ना तवा, सिस्टर."

आता रुग्णालय 'आपत्कालीन पथक' तयार करतंय. पुढच्या कोणत्याही संकटात, कोणत्याही विभागात काम करायची तयारी आहे, अशा फॉर्मवर महिनाअखेर सही हवी आहे. मीटिंगमध्ये नवे अधिकारी म्हणाले, "नर्स म्हणजे नर्स." नवरा म्हणतो, नोकरीच सोड. सासूबाई अजूनही पाहुण्यांना "आमची सून कोविड योद्धा" अशी ओळख करून देतात. अलार्मची गोष्ट मात्र घरात कुणालाच माहीत नाही. रात्री तीनला जाग येते, कुठे गाडी रिव्हर्स घेताना टीं टीं वाजली तरी छातीत धस्स होतं. सिस्टर विचारतात: सही करू की नको? आणि भीतीपोटी नाही म्हटलं, तर स्वतःला नर्स म्हणवून घ्यायला मी लायक आहे का?

सिस्टर,

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि ते एकमेकांना गाठ मारून पाठवलेत. सहीचा प्रश्न महिनाअखेरचा आहे. लायकीचा प्रश्न २०२१ पासून तुमच्या घरात राहतोय. त्याला आधी बाहेर बोलावू, म्हणजे सहीचं बोलायला जागा होईल.

"नर्स म्हणजे नर्स" हे वाक्य नव्या अधिकाऱ्यांचं आहे असं तुम्ही लिहिता. मला वाटतं ते तुमच्या मनात त्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. माझ्याही होतं. ट्रेनिंगला असताना दर महिन्याला वॉर्ड बदलायचा, आज मेडिसिन, मग लेबर रूम, मग ओटी. कुठे अडखळलं की सिस्टर ट्यूटर सगळ्यांसमोर विचारायच्या, "एवढंही जमत नाही?" तिथूनच आपल्या डोक्यात बसतं, की खरी नर्स ती, जिला कुठेही उभं करा. शिकाऊ वयात ते ठीकच होतं.

पण बारा वर्षांनंतर? तुम्ही फिस्टुलावर दोन बोटं ठेवता आणि आतली थरथर बोटांना कळते. कालच्यापेक्षा ती मंद आहे, हे यंत्राच्या आधी तुम्हाला कळतं. पेशंट वजनकाट्यावर चढायच्या आधी, दाराशी चप्पल काढतानाच, त्याचे पाय बघून दोन दिवसांत किती पाणी प्यायलाय याचा अंदाज तुम्ही बांधता. चार तासांत किती पाणी काढायचं, कुणाचं बीपी तिसऱ्या तासाला पडतं, कुणाच्या पोटरीत गोळा आला तरी तो दात आवळून गप्प बसतो, हे तुम्हाला पाठ आहे. संत्र्याच्या हंगामात "दोनच फोडी खाल्ल्या, सिस्टर" म्हणत पोटॅशियम वाढवून कोण येतो, हे तर नागपुरातल्या प्रत्येक डायलिसिसच्या सिस्टरला माहीत असतं. यातलं काहीही तुमच्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं नाही. म्हणूनच ते कुणाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून रोस्टर बनवणाऱ्याला तुम्ही 'एक स्टाफ' वाटता.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांनी १९८० च्या दशकात नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत. मी कॉलेजात शिकवत असे तेव्हा मुली त्या पाठ करायच्या, कारण परीक्षेला हमखास येत. त्यातला एक मुद्दा मात्र कधी विचारला जात नसे. कितीही अनुभवी नर्स असो, ज्या प्रकारच्या पेशंटांचा अनुभव नाही अशा ठिकाणी तिला नेलं, की ती पुन्हा नवख्याच्या पायरीवर येऊ शकते. यात तिचं काही चुकलेलं नसतं. कौशल्याचा स्वभावच तसा आहे. चोवीस वर्षांच्या एका पोराने तुम्हाला व्हेंटिलेटरचे आकडे समजावले आणि तुम्हाला मान वर करवेना, असं तुम्ही लिहिलंय. मला तो ब्रदर आवडला. आणि मान खाली घालून का होईना, तुम्ही त्याच्याकडून शिकलात, हेही आवडलं. आपल्याकडे क्रिटिकल केअरच्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तुमच्या वाट्याला दोन दिवस आले.

हे एकट्या नागपुरात घडलं असंही नाही. ब्रिटनमध्ये कॅन्सर, मधुमेह, पक्षाघात अशा एकेका आजारात मुरलेल्या स्पेशालिस्ट नर्स असतात, रीतसर त्या पदावर. २०२० मध्ये त्यांच्यातल्या कितीतरी जणींना वॉर्डांत आणि आयसीयूत हलवलं गेलं. तिथे आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स ही रीत. त्या काळात ती सैल करून एका आयसीयू नर्सकडे सहा पेशंटपर्यंत जातील, मात्र तिच्या हाताखाली दुसऱ्या विभागांतून आलेल्या नर्स असतील, अशी मुभा दिली गेली. त्यात हाल कमी झाले असं मी म्हणत नाही. पण कागदावर तरी बाहेरून आलेली नर्स मदतनीस होती आणि आयसीयूची नर्स जबाबदार. तुम्हाला थेट चार पेशंट दिले गेले. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा आयसीयूचा निकषही एकास एकच आहे.

आता अलार्म. पत्रात बाबाजींवर दीड पान आहे आणि अलार्मवर दोन ओळी. जिथे सगळ्यात जास्त दुखतं तिथे माणूस सगळ्यात कमी लिहितं, म्हणून मी त्या दोन ओळींपाशीच थांबले.

मी त्या रात्री तिथे नव्हते. तुम्ही लगेच पोचला असता तर तो पेशंट वाचला असता का, हे मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही येणार नाही. तुम्हाला निर्दोष ठरवायची मला घाई नाही; घाईने दिलेली माफी टिकत नाही. फक्त तुम्ही कुठे होता ते बघा. तुम्हीच लिहिलंय: दुसऱ्या पेशंटला पालथं करत होता. पालथं करताना नळी धरलेली असते तेव्हा हात सुटत नाही. सुटला तर अलार्म दुसऱ्या खाटेवर वाजतो. चार खाटा आणि दोन हात, यात चुकायला तुम्हाला जागाच कुठे ठेवली होती? चूक झाली असेल तर ती चार पेशंट एकीला देण्याच्या क्षणी झाली, आणि त्या क्षणी तुम्ही खोलीत नव्हता.

अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये नर्सेसच्याच कामाकडे बघून एका त्रासाला नाव दिलं. मराठीत नैतिक घुसमट म्हणू. योग्य काय ते कळतंय, पण संस्थेची रचनाच अशी की ते करता येत नाही. भीती वेगळी आणि ही घुसमट वेगळी. तुम्ही फॉर्म बघून "भीती" हा शब्द लिहिलात. मला शंका आहे की तुम्ही कामाला भीत नाही. पुन्हा तशाच चार खाटांमध्ये उभं केलं जाईल, याला भिता. हे भिणं शहाणपणाचं आहे. असल्या रोस्टरची भीती न वाटणाऱ्या सिस्टरबद्दल मला जास्त काळजी वाटेल.

बाबाजींबद्दल मला जरा सावकाश बोलायचंय.

ते तुम्ही नव्हता म्हणून गेले, असं तुम्ही धरून चाललात. तीनाच्या दोन पाळ्या होणं धोक्याचं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण त्या एप्रिल-मेमध्ये त्यांच्या वाटेत आणखी काय काय होतं ते मोजा. मूत्रपिंडाचा आजार, वय, त्यात कोविड झाला तर डायलिसिसच्या पेशंटांना तो जास्त घातक. निर्बंधांच्या दिवसांत उमरेडहून नागपूरला यायचं आणि चार तास मशीनवर बसून परत जायचं, तेही पारा चढलेला असताना. अनोळखी हाताकडून सुई टोचून घ्यायची भीती, हेही खरंच आहे, आणि त्यात तुमचा वाटा एवढाच की तुम्ही त्यांना चांगल्या हाताची सवय लावलीत. यातलं कशाने नेमकं झालं ते आता कुणीच सांगू शकत नाही.

आयसीयूत माणसं गुदमरत होती. सातातल्या चौघींना तिकडे पाठवणं त्या घडीला बरोबरही असेल. मी बाहेरून बसून तो निर्णय खोडणार नाही. मला खटकतं ते निराळंच. तो हिशोब मांडला तेव्हा बाबाजी कुठल्या रकान्यात होते? पाळ्या कमी झाल्या हे त्यांना कुणी समजावलं? ते आले नाहीत त्या दिवशी फोन कुणी केला? उमरेडला किंवा वाटेत दुसरं सेंटर आहे का, हे कुणी बघितलं? कोविड वॉर्डातल्या मृत्यूंचे आकडे रोज संध्याकाळी टीव्हीवर येत होते. डायलिसिसची पाळी चुकलेल्यांचे, केमो पुढे ढकललेल्यांचे, तपासणीला न आलेल्या बाळंतिणींचे आकडे कुठल्या पट्टीवर दिसत नव्हते. ते सगळे मग तुमच्यासारख्या सिस्टरांच्या मनात जाऊन बसले, कारण त्यांना ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि आजीबाईंचं ते वाक्य. तुम्ही ते ठपका म्हणून ऐकलंत. मी जन्माने वऱ्हाडातली, आमच्याकडचं बोलणं मला थोडं कळतं. भांडायला आलेलं माणूस पाच किलो डाळ घेऊन येत नाही, बाप्पा. आपला माणूस गेला हे सांगायला ज्या घरी जावंसं वाटतं, तिथे त्या आल्या होत्या. तुम्ही तेव्हा नव्हता, म्हणजे तुम्हाला कळलं नसेल, म्हणून सांगते. एकदा उमरेडला जाऊन या. माफीचं भाषण पाठ करून जाऊ नका. बाबाजी सुई टोचताना डोळे मिटून काय पुटपुटायचे, हे तुम्ही पत्रात लिहिलंय ना, तेच त्यांना सांगा. त्यांनी ते कधी पाहिलंच नसेल.

तुम्हाला एक जुनी रात्र सांगते. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा आला होता, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यांत बायाच आणि लेकरंच जास्त. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज गोवारी शहिदांचं नाव आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना ते कशाचं हे ठाऊक नसेल. मी तेव्हा एका रुग्णालयात डोळ्यांच्या वॉर्डात होते. पट्ट्या, थेंब, मोतीबिंदूची म्हातारी माणसं, असं शांत काम. संध्याकाळी मेट्रन स्वतः वॉर्डात आल्या. त्यांनी आम्हाला "कॅज्युअल्टीत चला" म्हटलं नाही. पहिलं विचारलं, "तुझ्या वॉर्डात मागे कोण आहे?" मी म्हटलं, एक स्टुडंट. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या एका वयस्क सिस्टरला बोलावून माझ्या वॉर्डात बसवलं, मग मला नेलं. कॅज्युअल्टीत प्रत्येक बाहेरच्या सिस्टरला तिथल्या एका सिस्टरच्या जोडीला दिलं. "ही सांगेल तेवढंच कर," म्हणाल्या. मी रात्रभर नाड्या बघितल्या, नावं लिहिली, पाणी दिलं, आणि ज्यांना पाणी लागणार नव्हतं त्यांच्या अंगावर चादर ओढली. सकाळी सातला मेट्रननी आमची नावं वाचली आणि प्रत्येकीला आपापल्या वॉर्डात परत पाठवलं. दोन दिवसांनी चहाला बोलावलं. काही विचारलं नाही, फक्त बसवलं.

ती रात्र मला आजही आठवते, पण ती मला खात नाही. खूप वर्षं मी समजत होते की मी घट्ट मनाची आहे. पुढे स्वतः मेट्रन झाले आणि २०२० मध्ये, निवृत्तीनंतर, माझ्या विद्यार्थिनींचे रात्री-बेरात्री फोन येऊ लागले, तेव्हा उमगलं की त्यात माझ्या मनाचं काही नव्हतं. मला एका बाईच्या चार वाक्यांनी वाचवलं होतं. तुम्हाला त्यातलं एकही वाक्य कुणी म्हटलं नाही. व्हॉट्सॲप म्हणालं, "उद्यापासून आयसीयू, रिपोर्ट ॲट एट."

अर्थात एक रात्र आणि नऊ आठवडे यांची तुलना होत नाही, हे मलाही कळतं. नऊ आठवडे कुठलीच मेट्रन दारात उभी राहू शकत नाही. म्हणूनच जे तिने तोंडी केलं ते तुम्हाला कागदावर आणावं लागेल. आता फॉर्मकडे येऊ.

नोकरी सोडायचा सल्ला नवऱ्याचा आहे. तुमची झोप मोडलेली तो बघतोय, त्याला ती परत हवी आहे. पण त्याला अलार्मचं काहीच माहीत नाही, म्हणजे तो अर्ध्या आजारावर औषध सांगतोय. आधी त्याला ते सांगा. शिवाय धंतोलीतून रामदासपेठेत गेलात तरी तिथेही उद्या असलाच फॉर्म येणार. सोडायचंच असेल तर दुसरं चांगलं काही मिळतंय म्हणून सोडा, फॉर्मपासून पळायला नको.

सरसकट "नाही" म्हणणं हा तुमचा हक्क आहे का, हे तुमच्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय त्यावर जाईल. ते काढून वाचा. बहुतेक जणी रुजू झाल्या दिवसानंतर ते बघत नाहीत. सरकारी नोकरीतल्या वाचकांना तर साथ जाहीर झाल्यावर नकाराला जागा फारच कमी असते. पण कायद्याचं सोडा. तुम्ही नाही म्हटलंत तर तुम्हालाच बरं वाटणार नाही, असं पत्रावरून वाटतं. आणि जसाच्या तसा सही करून दिलात, तर पुढच्या वेळी तो कागद तुमच्याच विरुद्ध दाखवला जाईल: तुम्हीच तर 'कोणत्याही विभागात' म्हणाला होता.

मी तुमच्या जागी असते तर सही केली असती, पण सहीच्या वर लिहून. असं काहीतरी:

"मी डायलिसिस विभागात प्रशिक्षित व अनुभवी आहे. संकटकाळात डायलिसिस सेवा चालू ठेवणे हेच माझे पहिले आपत्कालीन काम समजावे. अन्य विभागात पाठवणे आवश्यक झाल्यास तेथील अनुभवी परिचारिकेसोबत सहायक म्हणून काम करण्यास मी तयार आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णाची स्वतंत्र जबाबदारी प्रशिक्षण व मूल्यमापन झाल्याशिवाय मी स्वीकारू शकत नाही. आदेश लेखी असावा, त्यात परतीची तारीख असावी, आणि माझ्या जागी डायलिसिस विभागात कोण काम पाहील हे नमूद असावे."

पहिल्या वाक्यावर अडून राहा. डायलिसिस म्हणजे संकटात बंद ठेवायचा विभाग, ही समजूतच चुकीची आहे. १९८८ साली आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या शेकडो माणसांचे स्नायू फुटून त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. ढिगाऱ्यातून जिवंत काढलेल्या माणसांना डायलिसिस लागलं, आणि मदत पोचली ती विस्कळीत. त्यातूनच मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढच्या वर्षी अशा आपत्तींसाठी खास पथक उभं केलं. म्हणजे जगात तुमचं काम आपत्कालीन म्हणून कधीचंच मान्य झालंय, फक्त तुमच्या रुग्णालयाच्या फॉर्मपर्यंत ते पोचायचंय.

याची दुसरी बाजूही मांडा, कारण नुसत्या अटी सांगितल्या की समोरचा कान बंद करतो. कोविड आयसीयूतही कितीतरी जणांची मूत्रपिंडं बंद पडत होती आणि खाटेशेजारी डायलिसिस लावावं लागत होतं. तिथे तुम्ही नवख्या नाही, तिथल्या सिस्टर नवख्या. तुम्हाला आयसीयूत पाठवायचंच असेल तर त्या कामासाठी पाठवा, म्हणा. आणि तयारी आत्ताच करू द्या: सगळं शांत असताना दर तीन महिन्यांनी एक दिवस आयसीयूत, एका ठरावीक सिस्टरच्या जोडीला. पुढच्या वेळी निदान आवाज तरी ओळखीचे असतील.

एकट्या जाऊ नका. सातही जणी जा, आणि जमलं तर नेफ्रॉलॉजिस्ट सरांना आधी सांगून जा. पेशंट त्यांचेही आहेत. त्यांच्या तोंडून "चारच्या खाली सिस्टर आल्या तर मी युनिट सुरक्षित म्हणणार नाही" हे एक वाक्य निघालं, तर तुमच्या दहा वाक्यांचं काम होईल. हे असं का असावं यावर मी वेगळं भांडेन, आज नाही.

आणखी एक काम परवानगीशिवाय करता येतं. एक वही घाला. प्रत्येक पेशंटचं एक पान: ड्राय वेट (जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन), फिस्टुला कुठल्या हाताला, सुई कुठून घालावी, कुठून घालू नये, बीपी कधी पडतं, कशाने घाबरतो, घरून कसा येतो, फोन कुणाचा लागतो, जवळचं दुसरं सेंटर कोणतं. वही विभागातच कुलपात ठेवा, घरी नेऊ नका. तुम्हाला उद्या सकाळी आठला उचलून नेलं तर नवव्या मिनिटाला कुणाच्या तरी हातात ती असली पाहिजे. केमोच्या, एनआयसीयूच्या, मधुमेहाच्या ओपीडीतल्या सिस्टरांनीही हे करून बघावं. आपल्या डोक्यातलं किती कागदावर नव्हतं, ते लिहायला बसल्यावर कळतं.

कंत्राटी सिस्टर हे वाचत असतील तर त्यांना अटी लिहा असं सांगताना माझी जीभ अडखळते. अकरा महिन्यांच्या करारावर असणाऱ्या मुलीला "लेखी आदेश मागा" म्हणणं सोपं, निभावणं अवघड. तिच्यासाठी कायम नोकरीतल्यांनी पुढे व्हावं. तिने स्वतःपुरतं एवढं करावं: तोंडी आदेश आला की त्याच नंबरवर मेसेज टाकावा, "आपल्या सांगण्यानुसार आज आयसीयूत रुजू होत आहे, मला व्हेंटिलेटरचा अनुभव नाही, सोबत कोण असेल ते कृपया कळवावे." नम्र भाषा, पण तारीख-वेळ आपोआप पडते.

मेट्रन आणि इन्चार्ज मंडळींना इथेच सांगते, परत आलेल्या सिस्टरला पहिल्या दिवशी फुल ड्यूटी लावू नका. चहाला बोलवा.

सासूबाईंचं राहिलं. २०२० च्या मार्चमध्ये आपण सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, मीही वाजवली. पण 'योद्धा' हा शब्द मला तेव्हाही टोचला होता. योद्ध्याला रजा मागता येत नाही, आणि "मला हे हत्यार चालवता येत नाही" असं तर मुळीच म्हणता येत नाही. सासूबाईंचा शब्द हिसकावून घेऊ नका, त्यात कौतुक आहे. एखाद्या दुपारी शेंगा सोलताना एवढंच सांगा, "आई, त्या दिवसांचं कुणासमोर काढू नका, मला त्रास होतो." सासवा आपण समजतो त्यापेक्षा जास्त पाहिलेल्या असतात.

रात्री तीनची जाग आणि रिव्हर्सच्या टीं टींने धस्स होणं हे मात्र वहीने किंवा फॉर्मने जाणार नाही. इतकी वर्षं टिकलंय, म्हणजे ते मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. पेशंटला तुम्ही हेच सांगितलं असतं. सुरुवात फोनवरून करायची असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आणि मराठीत बोलता येतं. आपल्या रुग्णालयात कुणी बघेल म्हणून संकोच वाटत असेल तर दुसरीकडे जा. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकल कॉलेजांच्या ओपीडी आहेत, खासगीतही डॉक्टर आहेत. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य अलार्मचं बोला, बाबाजींचं नंतर.

लायकीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही माझ्याकडे मागितलंत. ते मी देणार नाही, कारण तो प्रश्न ज्यांनी स्वतःला विचारायला हवा होता त्यांनी अजून विचारलेला नाही, आणि त्यांच्या वाटचा तुम्ही विचारत बसला आहात.

फॉर्मवर मजकूर लिहिलात की आधी झेरॉक्स काढा. मूळ कागद आवकमध्ये द्या आणि झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या. महिनाअखेर शनिवारी येत असेल तर शुक्रवारीच द्या. शनिवारी दुपारनंतर एचआरमध्ये शिक्का मारायला कुणी सापडत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.